एका मार्काची ग्रंथी

धैर्यशीलरावांच्या घराण्यात चातुर्मासाचा नेम बोलून दाखवायची पद्धत नव्हती. आषाढी एकादशीला देवापुढे पाणी सोडायचं, एखादी गोष्ट कार्तिकीपर्यंत टाकायची आणि तोंड बंद ठेवायचं. सांगितलं की पुण्य सरलं, हे त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. आजोबा संस्थानाच्या खाजगी खात्यात होते, तेव्हा ही गुपितं पाळायची खोड तिथूनच घरात शिरली असणार, असं त्यांच्या बायकोचं, पद्माबाईंचं मत होतं.

पद्माबाईंनी या नेमाचा दरवर्षी खेळ करून टाकला होता. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण श्रावण लागायच्या आत नवऱ्याने काय सोडलंय ते ओळखलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. एका वर्षी चहातली साखर, एका वर्षी सुपारी, एका वर्षी कोपऱ्यावरची सेव-उसळ. एकदा तर त्यांनी टीव्हीवरच्या बातम्या सोडल्या आणि चार महिने घरात सुख नांदलं. पद्माबाई बडोद्याच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. कुणाच्या दप्तरात चिंच आहे हे दारातून वासावर सांगणाऱ्या बाईंना एक नवरा ओळखणं काय अवघड! "तुमच्या पोटात काही राहत नाही," असं त्या म्हणायच्या आणि धैर्यशीलराव मिशीतल्या मिशीत हसायचे.

या वर्षी मात्र सोळा दिवस झाले तरी पत्ता लागेना. साखर चालू, सुपारी चालू, बातम्याही चालू. माणूस मात्र दिवसेंदिवस मलूल होत चाललेला. ताटावर बसायचे आणि दोन घासांत उठायचे. शहराच्या वाडी भागातल्या घराचे तीन जिने चढताना दुसऱ्या जिन्यावर टेकायचे. पद्माबाईंना वाटलं, यंदा काहीतरी जबरदस्त सोडलंय. "नेम झेपेल असाच धरावा माणसानं," त्यांनी टोमणा मारून पाहिला. एरवी अशा टोमण्यावर फाडकन उत्तर आलं असतं. धैर्यशीलराव ताट सरकवून आडवे झाले.

सतराव्या दिवशी त्यांना ताप आला. ताप म्हणजे काही फार नाही, घरोघरी चालला होता तसाच. पण दुपारी दोन उलट्या झाल्या आणि बाथरूममधून येता येता धैर्यशीलराव दारातच बसले ते उठेनात. हात गार, ओठ पांढरे. शेजारच्यांनी उचलून खाली आणलं आणि अॅम्ब्युलन्स अलकापुरीतल्या एका लहानशा हॉस्पिटलच्या दाराशी लागली. लिफ्ट स्ट्रेचरने अडवली, तेव्हा पद्माबाई तीन मजले जिन्याने चढून वर गेल्या. त्यांचे गुडघे सहा वर्षांपूर्वी कामातून गेलेले होते. त्या वेळी हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

डॉक्टर धवल हा पस्तिशीचा गुजराती मुलगा, पण वाडीतच लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे त्याला मराठी येत होतं. म्हणजे त्याच्या पद्धतीने येत होतं. "काकी, गभराशो नहीं. तुम्ही बसा ने," तो म्हणाला आणि भराभर विचारू लागला. "काकाचं वय?"

"सहासष्ट. रिफायनरीत होते, प्लँटवर. बीपीची एक गोळी घेतात."

"दुसरी काही दवा? चूर्ण, भस्म, कोणाची पडीकी?"

पडीकी म्हणजे पुडी. पद्माबाईंना ती पुडी माहीत होती. पाच वर्षांपूर्वी धैर्यशीलराव सांधेदुखीवर छाणी गावाच्या पलीकडच्या कुणा माणसाकडून कागदाच्या पुड्या घेऊन आले होते. पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. 'ज्यावर नाव नाही ते औषध नाही,' असं म्हणून पद्माबाईंनी सगळ्या पुड्या त्यांच्यादेखत बेसिनमध्ये ओतल्या होत्या. त्यावर 'बरं, सोडलं,' असं ते म्हणाले होते. आणि बघा, सांधेही पुढे सुधारले! प्लँटच्या शिड्या चढून चढून झिजलेला माणूस मजेत जिने चढू लागला, गाल भरले, पोट सुटलं. रिटायरमेंट मानवली, असं सगळे म्हणायचे. पद्माबाई मात्र ते श्रेय आपल्या डिंकाच्या लाडवांना देत आल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी विज्ञानाची शिक्षिका आहे. असलं काही आमच्या घरात येत नाही."

त्या स्वरापुढे आजवर कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. धवलनेही विचारला नाही.

सलाइनची एक बाटली संपली, दुसरी अर्धी झाली. ब्लडप्रेशर सत्तरवर होतं ते सत्तरवरच. रक्तातली साखर खाली, मीठ खाली. धैर्यशीलराव डोळे मिटून पडलेले, आणि मॉनिटरवरचा आकडा वर चढायचं नाव घेत नव्हता. एक सहासष्ट वर्षांचा धट्टाकट्टा दिसणारा माणूस साध्या तापाने हातातून चालला होता आणि का ते कुणाला सांगता येत नव्हतं. पद्माबाई पलंगाची दांडी धरून उभ्या होत्या. खुर्ची होती, पण बसवत नव्हतं.

धवल परत आला. या वेळी त्याने मॉनिटर पाहिला नाही, काकांचा हात उचलून पाहिला. हातावरची कातडी पातळ कागदासारखी झालेली, तिच्यावर जांभळे डाग. मग त्याने पाय पाहिले, पोट पाहिलं, भरलेले गोल गाल पाहिले.

"काकी, काका काही घेतात का, हे मी विचारलं. पण माझा सवालच खोटा होता," तो हळू म्हणाला. "आता असं सांगा, काकाने हल्ली काही बंद केलं आहे?"

"आषाढी एकादशीपासून," त्या म्हणाल्या.

"काय बंद केलं?"

"ते माहीत नाही."

"माहीत नाय म्हणजे?"

नेमाची सगळी हकीकत त्यांनी चार वाक्यांत सांगितली. सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धवल हसला नाही. त्याने नर्सला रक्त काढून घ्यायला सांगितलं, एक छोटी कुपी तयार ठेवायला सांगितली आणि म्हणाला, "मला अंदाज आहे. सुई तर मी देणारच. पण खरं कळलं तर मला दुसरीकडे शोधत बसायला नको. पाच मिनट, काकी. विचारून बघा."

पद्माबाई वाकल्या. "अहो. ऐकताय ना? यंदा काय सोडलंत?"

ओठ हलले. आवाज यायला वेळ लागला. "नेम... सांगायचा नसतो."

पद्माबाईंना रडू आणि संताप एकदमच आला. माणूस मरणाच्या दारात उभा आहे आणि पुण्याचा हिशेब सोडत नाही! त्यांनी त्यांचा गार हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि वर्गातला आवाज काढला. "तुमचा नेम मी मोडते. पाप माझ्या माथी. बोला."

धैर्यशीलरावांनी डोळे किलकिले केले. "छाणी," ते म्हणाले. मग बराच वेळ थांबून, "तुला खोटं सांगितलं होतं... पाच वर्षं. म्हणून म्हटलं, यंदा तेच सोडू."

पद्माबाईंनी मान वर केली. "पुडी," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "पाच वर्षं पुडी घेत होते. सतरा दिवसांपूर्वी एकदम बंद केली." एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या हरल्या होत्या, आणि हरल्याचं कबूल करायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

कुपीतलं औषध सुईने आत गेलं. दिसायला पाण्यासारखं, जेमतेम अर्धा चमचा. पद्माबाई मॉनिटरकडे बघत राहिल्या. वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग सत्तरचे अठ्ठ्याहत्तर झाले. मग शहाऐंशी. ओठांवर आधी किंचित रंग आला, मग कपाळाला घाम सुटला, मग हाताला ऊब आली. तासाभरात शंभर. दीड तासाने धैर्यशीलरावांनी डोळे नीट उघडले, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "घराला कुलूप लावलंस का?"

तेव्हा पद्माबाई बसल्या. बसल्या म्हणजे पायांनीच त्यांना बसवलं. दोन्ही गुडघे एकदम ठणकायला लागले, आणि दुपारपासून आपण पाण्याचा घोटही घेतलेला नाही हे आठवलं.

धवलने चहा मागवला आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला. "काकी, तुमचं आत्ता उतरलं," तो म्हणाला.

"काय उतरलं?"

"ज्याने तुम्हाला या गुडघ्यांवर तीन मजले चढवलं ते. तुमच्या ग्रंथी ड्यूटीवर होत्या. काकाच्या झोपलेल्या होत्या, एवढाच फरक." मग त्याने सांगितलं. पुडीत स्टेरॉइड असणार, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्याच कॉर्टिसोलचा बाजारातला भाऊ. बाहेरून रोज आयतं मिळायला लागलं, तेव्हा मेंदूने मागणी पाठवणं बंद केलं. मागणी नाही म्हणून ग्रंथींनी काम थांबवलं, आणि काम नाही म्हणून त्या सुकल्या. वरून माणूस गुबगुबीत दिसत होता, ती जास्तीच्या स्टेरॉइडची सूज होती. मग एका एकादशीला आयतं येणं बंद झालं. साध्या दिवशी माणूस कसाबसा रेटतो. पण ताप आला की शरीर कितीतरी पट जास्त मागतं. "आणि घरात कोणी कमावणारा नाय," धवल म्हणाला. "रक्तवाहिन्या ढिल्या, साखर खाली, मीठ खाली. सगळं एकदम."

"त्या ग्रंथी केवढ्या असतात?" पद्माबाईंनी विचारलं. उत्तर त्यांना येत होतं. तरीही विचारलं.

"एकेक चार-पाच ग्रॅम. तुमच्या चहातल्या एक चमची साखरेएवढी."

पद्माबाई कपाकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढली होती आणि त्यांच्यावर दोन टोप्या. अधिवृक्क ग्रंथी. 'संकटकाळी शरीराला सज्ज करतात.' लिहा, अधोरेखित करा, पुढे चला. परीक्षेत एका मार्काला जोड्या लावा. किती मुलांचा तो एक मार्क त्यांनी कापला असेल! आणि आपण जे शिकवत होतो ते काय होतं, हे त्यांना आज, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, हॉस्पिटलच्या खुर्चीवर कळत होतं. उभं राहणं, जिना चढणं, उलटीतून सावरणं, ताप अंगावर काढणं, घाबरणं आणि घाबरूनही पळत सुटणं, हे सगळं त्या चमचाभर ऐवजावर चाललं होतं. कुणी मागितलेलं नाही, कुणी आभार मानलेले नाहीत. आपल्याच पाठीत, बरगड्यांच्या खाली, जन्मापासून जागता पहारा आहे आणि बाईंना पत्ता नाही.

"त्या परत जाग्या होतील?" त्यांनी विचारलं.

"होतील. बहुतेक. काही लोकांच्या होत नाहीत," धवल प्रामाणिकपणे म्हणाला. "ओरडून उठत नाहीत त्या, काकी. हळू हळू गोळी कमी करायची आणि वाट बघायची. वरस लागेल, दीड वरस लागेल."

मग ती वाट बघणं सुरू झालं. सकाळी उठल्याबरोबर एक गोळी, दुपारी अर्धी. ताप आला तर दुप्पट, उलटी झाली तर सरळ सुई, आणि ती सुई फ्रिजच्या दारात कायम तयार. खिशात एक कार्ड, की हा माणूस बेशुद्ध सापडला तर आधी हे औषध द्या. धैर्यशीलराव त्या कार्डाला 'माझं मंगळसूत्र' म्हणायचे. पण थट्टा तेवढीच उरली होती. गाल उतरले, सांधे पुन्हा बोलू लागले, आणि सकाळ म्हणजे तर शिक्षा झाली. प्लँटच्या शिफ्टसाठी जन्मभर गजराआधी उठलेला माणूस आता हलवल्याशिवाय डोळे उघडत नव्हता. पद्माबाई त्यांना उशीला टेकवून बसवायच्या, गोळी द्यायच्या, आणि अर्धा तास गेल्यावर ते माणसात यायचे. नाश्ता पुढे ठेवला की तोंड फिरवायचे. भूक हा शब्दच घरातून गेला होता.

पुण्याहून लेक अवंती बोलावून बोलावून थकली. पद्माबाई एक रात्रही बाहेर राहिल्या नाहीत. त्यांना एकच भीती होती. आपण नसताना यांना उलटी झाली तर? आपण भाजीला गेलो आणि तेवढ्यात? पूर्वी त्या नवऱ्याचं गुपित शोधायला त्याच्यावर नजर ठेवायच्या, आता श्वास मोजायला ठेवत होत्या. आणि खोटं बोलल्याबद्दल एकदाही रागावल्या नाहीत. कोणत्या तोंडाने रागावणार? पुडीच्या जोरावर आलेली तब्येत त्यांनी स्वतःच्या लाडवांच्या नावावर पाच वर्षं मिरवली होती.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. सकाळी आठला रक्त घ्यायचं, त्याआधी पूर्ण एक दिवस गोळी नाही. आकडा दोनच्या आत. किमान दहा-अकरा हवा होता. "झोपल्या आहेत," धवल म्हणाला. दहा महिन्यांनी साडेपाच. "कूस बदलली," तो म्हणाला.

"आठलाच का हो घेतात रक्त?" त्या वेळी पद्माबाईंनी धवलला विचारलं होतं. त्यावर त्याने सांगितलेली गोष्ट त्या विसरू शकल्या नाहीत. पहाटे तीनच्या सुमाराला, माणूस गाढ झोपेत असताना, मेंदू खाली निरोप पाठवायला लागतो आणि या ग्रंथी कॉर्टिसोल वाढवत नेतात. डोळे उघडायच्या आत सगळी तयारी झालेली असते. आपण समजतो, आपण उठलो. खरं तर आपल्याला उठवणारा आपल्याआधी उठलेला असतो. पद्माबाईंनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून सकाळी जाग आली की आधी दोन मिनिटं तशाच पडून राहायच्या. नमस्कार कुणाला करायचा हे ठरत नव्हतं, पण केल्याशिवाय राहवत नव्हतं.

चौदा महिने झाल्यावर तिसऱ्या तपासणीचा दिवस आला. या वेळेपर्यंत गोळी सकाळच्या एकीवर आली होती. आदल्या सकाळी तीही घेतली नव्हती. या वेळीही आकडा वर गेला नाही, तर बहुधा जन्मभर कार्ड, सुई आणि पहारा, हे धवलने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. पद्माबाईंनी पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि ठरवलं, आज डोळा लावायचा नाही. पहाटे कधीतरी तो लागलाच.

जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता आणि पलंग रिकामा होता.

बाथरूमचं दार उघडं, आत कुणी नाही. त्या भिंत धरत बाहेरच्या खोलीत आल्या. तिथेही कुणी नाही. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. आणि मग त्यांना वास आला. कांद्याचा आणि हिंगाचा.

धैर्यशीलराव स्वयंपाकघरात ओट्याशी उभे होते. कालच्या पोळ्या हाताने कुस्करून परातीत ठेवलेल्या, कढईत फोडणी तडतडत होती, आणि कांदा इतका होता की चार माणसांना पुरावा.

"उठवलं नाही तुला," ते पाठमोरेच म्हणाले. "केव्हाची जाग आलीय मला. आणि खरं सांगू का? भूक लागलीय. सडकून भूक लागलीय."

पद्माबाई दारात उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी धवलचा फोन येणार होता आणि 'तेरा' हा आकडा सांगताना त्याचाही आवाज कापणार होता. पण पद्माबाईंचा निकाल इथेच लागला होता. काल सकाळपासून या माणसाच्या पोटात गोळी नव्हती. पहाटे त्या खुर्चीत पेंगत असताना, पहारेकरीण झोपलेली असताना, त्याच्या आत कुणीतरी उठलं होतं. डॉक्टरला न विचारता, बायकोला न सांगता. पाच वर्षं पुडीने आणि चौदा महिने गोळीने भागवल्यावर, आज स्वतःहून.

त्या पुढे झाल्या. त्यांनी धैर्यशीलरावांच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली, दोन्ही बाजूंना दोन तळवे टेकवले आणि कपाळही तिथेच टेकवलं. बनियनखालची पाठ उबदार होती.

"अगं, काय करतेस? गुदगुल्या होतात," धैर्यशीलराव म्हणाले. "पद्मा, सोड. फोडणी जळतेय."

"जळू दे," पद्माबाई म्हणाल्या.